चकतीवरचं कुंकू

जालना, ४ ऑक्टोबर

अण्णा,

तीर्थरूप वगैरे लिहायला आज हात उठत नाही, म्हणून नुसतं अण्णा. फोन तुम्ही उचलत नाही. मी विमान शिकायला घर सोडलं तेव्हापासून तुम्ही माझ्याशी एक शब्द बोललेला नाहीत, तेव्हा कागदावरच भांडते. आमच्या वॉचमन पाशामियाँचा मुलगा अतिक राजूरच्या फेरीला टेम्पो घेऊन येतो, त्याच्या हाती हे देतेय. तुमच्याच हातात द्यायचं असं त्याला बजावलंय. माय वाचायच्या आधीच रडायला लागते.

सरळ विचारते. दसऱ्याच्या दिवशी तुम्ही इथं फ्लाइंग क्लबात आला होतात की नाही? नाही म्हणू नका. पाशामियाँनी मला सगळं सांगितलंय. "तुझे वालिद सुबेपासून जाळीपाशी उभे हुते बेटा. पानी दिलं तर पिले न्हाई. मंग म्हणे, एक टीका लावतो अन् जातो. वर्षाचा सण, मी कसा न्हाई म्हणू?" असं ते म्हणाले. सुट्टी होती, हँगरमध्ये कोणी नव्हतं. त्यांनी तुम्हाला आत सोडलं. तुम्ही विमानाला ओवाळलं, हळदीकुंकू लावलं, पाया पडलात आणि निघून गेलात.

आता काय झालं ते ऐका.

विमानाच्या डाव्या अंगाला, दाराच्या पुढं, एक गोल चकती असते. तिच्यात टाचणी जेमतेम जाईल एवढं भोक असतं. त्या भोकातून बाहेरच्या हवेचा दाब आत जातो, आणि त्यावर आपण किती उंच आहोत, किती वेगात आहोत हे सांगणारे काटे चालतात. तुम्हाला ती चकती म्हणजे कपाळ वाटली असणार. तुम्ही हळद आणि कुंकू ओलं कालवून तिथं बोटानं असं दाबून लावलंत की वर अक्षताही चिकटल्या. रात्रभरात ते वाळून टणक झालं आणि भोक बुजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते विमान घेऊन मी एकटी वर गेले. शेजारी शिकवणारं कोणी नाही. जमीन सुटली, झाडं खाली गेली, आणि उंचीचा काटा जागचा हलेना. मी वर चढतेय आणि काटा म्हणतोय तू जमिनीवरच आहेस. वेगाचा काटा तर खाली खाली यायला लागला. वेग कमी झाला की विमान पडतं, अण्णा. पहिल्या दिवशी हेच शिकवतात. म्हणून हात आपोआप नाक खाली दाबायला लागला. खाली लोखंडाच्या कारखान्यांची धुराडी होती.

आमच्या प्रेमला मॅडम खाली रेडिओ घेऊन उभ्या होत्या. त्या शिकवणाऱ्यांत सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात कडक. मी सांगितलं की काटे खोटं बोलतायत. त्या म्हणाल्या, "काट्यांकडं बघू नकोस. नाक कुठं आहे ते बघ आणि इंजिन ऐक." मी तेच केलं. चकरा मारायच्या सोडून पहिल्याच फेरीत उतरले. विमान जरा आपटलं, पण धावपट्टीवरच आपटलं. बाहेर आल्यावर चाकाला टेकून खाली बसले.

सोमवारी, तेरा तारखेला चौकशी आहे. विमान उडवण्याआधी चारी बाजूंनी फिरून, हात लावून तपासायचं काम उडवणाऱ्याचं असतं. ते मी केलं नाही असा माझ्यावर ठपका आहे. मला कुंकू दिसलं नाही. सकाळची तिरीप त्या बाजूनं डोळ्यांवर येत होती. मी तसं लिहून दिलंय.

दोन वर्षं तुम्ही मला थांबवायला बघताय. बोलून जमलं नाही, न बोलून जमलं नाही. मग हे केलंत का? मला पाडायचंच होतं का तुम्हाला? उत्तर द्या. आणि सोमवारी इथं येऊन सगळ्यांसमोर सांगा की हे मी केलं.

आकांक्षा


जालना, ७ ऑक्टोबर

अण्णा,

अतिकनं सांगितलं. तुम्ही मेंढरांच्या वाड्यापाशी उभं राहून पत्र वाचलंत, घडी घालून खिशात ठेवलंत आणि त्याला एवढंच विचारलंत, "इमानाला काई झालं न्हाई ना?"

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. विमान बरं आहे, अण्णा. पुढच्या चाकाचं काम निघालंय, तेवढं करून ते उडेल. तुमची मुलगी कशी आहे हे अतिकला विचारायला तुमच्या तोंडाला काय झालं होतं? तो सांगत होता की टेम्पो वळेपर्यंत तुम्ही तिथंच उभे होतात. मला त्याचं काय? उभे होतात हे मला टेम्पोवाल्याकडून कळायचं का?

आणि मायलाही ठाऊक होतं तर. कुंकू तिच्याच करंड्यातलं होतं, अतिकला तिनंच सांगितलं. वर भाकरी आणि ठेचा बांधून दिला. ठेचा मी खाल्ला. राग ठेच्यावर नाही.

मला पाडायचं होतं का, असं मी मागच्या पत्रात विचारलं. ते मागं घेते. तुम्ही तसे नाही, हे मलाही कळतं. पण मग जे उरतं त्याचा मला जास्त राग येतोय. हँगरच्या मागच्या गल्लीत माझी खोली आहे. दसऱ्याला मी तिथंच होते. सगळ्या मुली घरी गेल्या होत्या आणि मी एकटी हवामानाच्या पेपरचा अभ्यास करत बसले होते, कारण मला जायला घर नव्हतं. तुम्ही उन्हात जाळीपाशी उभे राहिलात, आत आलात, एका यंत्राच्या पाया पडलात आणि माझ्या खोलीवरून परत गेलात. यंत्राला भेटलात, मला भेटला नाहीत. इतकं काय केलं होतं मी?

मी इथं काय करते हे तुम्हाला माहीत तरी आहे का? तुम्हाला वाटतं पोरगी गॉगल लावून हिंडते. एमआयडीसीत बियाण्यांच्या कंपनीत पाकिटं भरायला जात होते तेव्हा मी टेम्पोत उभी राहून रेडिओचं इंग्रजी पाठ करायचे, बाया हसायच्या. आता सकाळी हँगर झाडायला आम्हीच, विमान ढकलत बाहेर काढायलाही आम्हीच. ढग वाचायचे, वारा वाचायचा, नकाशावर रेघा मारायच्या, इंजिन बंद पडलं तर कुठल्या शेतात उतरायचं ते आधीच ठरवून ठेवायचं. हे सगळं मला जमतं. जमत नाही ते एकच. मॅडम म्हणतात, "तुझं डोकं लवकर तापतं. तापलं की आधी विमान जमिनीवर आण, मग ताप." हे डोकं मला कुणाकडून आलं ते वाड्यातली मेंढरंसुद्धा सांगतील.

पाशामियाँना चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नका म्हणून सांगितलंय. म्हातारा माणूस. तुम्हाला आत सोडलं हे त्यांनी स्वतःच कबूल केलं, तुमचं नाव न घेता. कोण आलं होतं असं विचारलं तर म्हणाले, सणाला आलेला माणूस, नाव काय विचारायचं. मीही कुणाला सांगितलेलं नाही. ते घरी बसलेत आणि तुम्हीही घरी बसलात. दोघांत फरक आहे तो तुम्हीच बघा.

मॅडमनी आज मला पुन्हा बोलावलं. म्हणाल्या, कुंकू लालभडक असतं, हातभर अंतरावरून तुला दिसलं कसं नाही? मी म्हटलं, नाही दिसलं. मग म्हणाल्या, "ज्याची चूक झाली त्याला मी पुन्हा शिकवू शकते. ज्यानं काय पाहिलं ते सांगितलं नाही त्याच्या शेजारी मी बसू शकत नाही."

मला नव्हतंच दिसलं. तुम्ही येताय की नाही?

आकांक्षा


जालना, १० ऑक्टोबर

अण्णा,

मला दिसलं होतं.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही आणि आता तुम्हालाच सांगतेय, याचाही राग येतोय. दुसरं आहे कोण?

त्या सकाळी मी विमानाला फेरी मारली. पंख, चाकं, तेल, सगळं बघत चकतीपाशी आले. कुंकू होतं. हळद होती. अक्षता होत्या. भोक दिसत नव्हतं, आणि ते भोक मोकळं पाहिजे हे मला झोपेतही सांगता येईल. खिशात फडकं होतं. मी ते बाहेर काढलं. हातही पुढं नेला.

आणि नाही पुसलं.

सुग्रीव काका गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. कौसल्या काकूला बायकांनी ओसरीत बसवलं होतं. एकीनं तिचे हात धरले आणि दुसरीनं ओल्या फडक्यानं तिचं कपाळ पुसलं. काकू नुसती बघत राहिली होती. मी मायचा पदर धरून उभी होते. माय म्हणाली, बघू नको. मी बघितलं. तेव्हापासून सांडलेलं कुंकूसुद्धा मला फडक्यानं टिपता येत नाही, बोटानं उचलून परत करंड्यात टाकते. मायला विचारा.

त्या चकतीसमोर मी पायलट नव्हते, अण्णा. ओसरीतली ती पोरगीच होते. मनात आलं, कुणीतरी मनापासून लावलंय, मी कोण पुसणार? दसऱ्याचं कुंकू दुसऱ्याच दिवशी पुसलं आणि काही झालं तर? असं आलं मनात. मी हवेचा दाब शिकलेली मुलगी. मग म्हटलं, वरवर असेल, आत हवा जात असेल. आमच्या इंजिनिअरनं त्याआधी विमान बघून सही केली होती. त्यालाही ते दिसलं असणार आणि त्यानंही हात जोडले असणार. त्याचं तो बघेल. उडवणारी मी होते.

आता मला कुणावर चिडावं तेच कळेनासं झालंय. तुमच्यावर चिडते, कारण तुम्ही लावलंत. त्या बायकांवर चिडते, ज्यांनी काकूचे हात धरले. ज्यांनी मला शिकवलं की कुंकू पुसणं म्हणजे कुणाला तरी मारणं, त्या सगळ्यांवर चिडते. ते न पुसल्यानं मीच मेले असते हे कुणी शिकवलं नव्हतं. सगळ्यात जास्त माझ्यावर चिडते, कारण एवढं शिकून माझा हात तिथंच अडला आणि वर मी खोटं लिहून दिलं.

सोमवारी मी खरं सांगणार आहे. दिसूनही उडाली म्हणून कदाचित नाव काढून टाकतील. तसा नियम मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलाय. नाव गेलं की जिच्यावर शिकतेय ती शिष्यवृत्ती जाईल, आणि मग दुसरीकडं कुठं मला कोणी घेणार नाही. पुन्हा पाकिटं भरीन. पण हे पोटात ठेवून मी लोकांना घेऊन आकाशात जाऊ शकत नाही. एक दिवस मागं माणसं बसलेली असतील आणि मला काहीतरी दिसलेलं असेल.

तेव्हा माझ्यासाठी येऊ नका. माझं मी बघते. पाशामियाँसाठी या. तुम्हाला पाणी देणाऱ्या माणसाची रोजी गेली तर मी तुम्हाला माफ करणार नाही, आणि हे मी नुसतं रागात म्हणत नाहीये.

आकांक्षा


जालना, १३ ऑक्टोबर

अण्णा,

तुम्हाला गावी सोडून टेम्पो आत्ताच परत आलाय. अतिक दुसऱ्या फेरीला निघतोय म्हणून घाईत लिहितेय. अक्षर लागलं नाही तर त्याला विचारू नका, डोळे ताणून वाचा.

तुम्ही आलात. धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा, पायात रामेश्वर दादाच्या लग्नातल्या वहाणा. चौकशीच्या खोलीत खुर्ची दिली तर बसला नाहीत. माझ्याकडं एकदाही बघितलं नाहीत. मी मात्र तुमच्याकडंच बघत होते. दोन वर्षांत तुम्ही किती वाळलात.

आणि मग तुम्ही बोलायला लागलात. "त्रिंबक नाव माझं. ही पोरगी माझी. दसऱ्याला आल्तो ते खरं. वॉचमनला म्या गळ घातली, त्याचा काई दोष न्हाई. पण त्या दिशी लावायचं धाडस झालं न्हाई, नुसतं पाहून गेल्तो. दुसऱ्या दिशी सकाळी परत आल्तो. पोरीनं समदं बराबर तपासलं, अन् ती सही कराया आत गेली. मंग म्या जाऊन कुंकू लावलं. तिनं कुठून पाहावं? तिची बिलकुल चूक न्हाई."

क्लबच्या मॅनेजर साहेबांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, जणू त्यांना घरी जेवायला जायची वाट मोकळी झाली. बाप अडाणी, मुलगी निर्दोष, प्रकरण मिटलं. त्यांनी लिहायलाही घेतलं. मला फक्त मान खाली घालून बसायचं होतं.

तुम्ही माझं पत्र वाचून हे रचलंत ना? रात्रभर पाठ करत बसला असाल. आयुष्यात कधी मेंढराच्या वयाबद्दलसुद्धा खोटं बोलला नाहीत, म्हणून व्यापारी तुमच्याकडंच यायचे. आणि दोन वर्षांनी तोंड उघडलंत ते माझ्यासाठी खोटं बोलायला.

मला इतका राग कधी आला नव्हता. तुमचं ऐकलं असतं तर मी वाचले असते. तुम्ही मला जन्मभराचं विमान ताटात वाढून दिलं होतं, अण्णा, आणि मला ते सगळ्यांसमोर तुमच्या तोंडावर फेकायचं होतं. बापाला भरल्या खोलीत खोटं पाडायचं. आपल्या घरात तुमच्या बोलण्यावर कुणी हुं की चुं केलेलं नाही.

मॅडम माझ्याकडं बघत होत्या. मी उभी राहिले.

"अण्णा खोटं बोलतायत," मी म्हटलं. "कुंकू आदल्या दिवसाचं होतं. वाळलेलं होतं. मी ते पाहिलं आणि पुसलं नाही. लिहून दिलं तेव्हाही मी खोटं बोलले."

तुम्ही डोळे मिटलेत ते मी पाहिलं. का नाही पुसलं, असं मॅनेजर साहेबांनी विचारलं. मी सांगितलं. काकूचं नाव घेतलं नाही, बाकी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, पण त्यांना कळलंही नाही. मॅडमना कळलं. त्यांचं कपाळ मोकळं असतं, ते इतके दिवस मला दिसूनही दिसलं नव्हतं.

मला दाराबाहेर थांबायला सांगितलं तेव्हा तुम्हीही बाहेर आलात. आपण दोघं एकाच भिंतीला टेकून उभे होतो. मला वाटलं आता बोलाल. तुम्ही समोरच्या कडुलिंबाकडं बघत राहिलात. मी पण हट्टाला पेटले होते, आधी बोलणार नव्हते. मग तुम्ही फेटा सारखा केलात आणि निकाल ऐकायच्या आधीच चालायला लागलात. अतिकच्या टेम्पोत पुढं जाऊन बसलात. मी फाटकापर्यंत पळत आले, पण हाक मारली नाही. हाक मारली असती तर रडले असते, आणि ते मला तुमच्यासमोर करायचं नव्हतं.

निकाल ऐकला नाहीत, म्हणून कळवते. नाव काढलेलं नाही. तीन महिने एकटीनं उडायचं बंद. पहिल्या धड्यापासून पुन्हा सगळं मॅडमशेजारी बसून करायचं, आणि चूक कशी झाली हे नव्या मुलांना उभं राहून सांगायचं. माझी तुकडी पुढं निघून जाईल. जाऊ दे. मॅडमनी मला स्वतःच्या हाताखाली मागून घेतलंय. बाहेर येऊन एवढंच म्हणाल्या, "उद्या सकाळी ये. फडकं घेऊन ये." पाशामियाँ परवापासून कामावर येतील. त्यांनी तुम्हाला सलाम सांगितलाय. मी नाही सांगितलेला.

आता माझं ऐका. हे भिंतीला टेकून उभं राहणं, पत्राची घडी खिशात घालणं, टेम्पोवाल्याला विमानाची तब्येत विचारणं, हे मला पुरे झालं. दसऱ्याला तुम्ही माझ्या खोलीवरून परत गेलात आणि आज निकालाआधी परत गेलात. दर वेळी काहीतरी मोठं करता आणि पळून जाता. मला मोठं काही नकोय. मला विचारायचंय की का नाही बोललात. तुम्ही म्हणाल भीती वाटत होती. मी म्हणेन मग तसं सांगायचं होतं. तुम्ही ओरडाल, मी तुमच्यापेक्षा मोठ्यानं ओरडेन. माय दोघांना शिव्या देईल. हे सगळं मला समोरासमोर पाहिजे. कागदावर भांडून पोट भरत नाही.

रविवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं मी घरी येतेय. मेंढरं घेऊन रानात निघून जाऊ नका. गेलात तर मी रानात येईन.

तुमची,
आकांक्षा